गावाचा प्रश्न आणि विद्यापीठातला माणूस: तज्ज्ञ कसा गाठावा, त्याला काय विचारावं, मिळालेलं उत्तर कुठे पोचवावं

पाण्यासाठी आम्ही नगरपरिषदेवर हंडा मोर्चा नेला, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं, शिक्का मारून पोच दिली आणि "बघतो" म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोर्चा, पुन्हा पोच. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीने विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकवणारे एक प्राध्यापक गावात आले. देवळाच्या सभामंडपात वीस-पंचवीस जण जमलो होतो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "पाणी कमी येतं म्हणता, म्हणजे किती येतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोन उन्हाळे घसा कोरडा केला होता आणि आकडा एकाकडेही नव्हता.

त्यानंतरच्या काही वर्षांत पाणी, कचरा, शाळा अशा तीन-चार प्रश्नांसाठी मी प्राध्यापकांची दारं ठोठावली. काही उघडली, काही नाही. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. सरपंच, नगरसेवक, तालुक्याचा पत्रकार, सोसायटीचा सचिव, तरुण मंडळ, ज्याला लागेल त्याने वापरावं.

आधी एक शंका

"प्राध्यापक पुस्तकी असतात, त्यांना आपल्या गटारातलं काय कळणार?" हे हमखास ऐकू येतं. महाराष्ट्रापुरतं तरी हे खरं नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांमध्ये पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी आहे. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे सुरुवातीचे अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक उसाच्या भावात आणि शेतकऱ्यांच्या भागभांडवलात उतरला, म्हणून त्याची विद्वत्ता काही कमी झाली नाही.

दुसरं उदाहरण 'अनुशेष' या शब्दाचं. आज तो विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक भाषणात असतो. त्याला आकड्याचं वजन दिलं ते अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने, १९८४ साली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या खाली किती आहे ते मोजायचं आणि ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील ते मांडायचं, अशी ती पद्धत होती. बेरीज सुमारे ३,१८६ कोटी रुपये आली. त्या मोजपट्टीवर पुढे भरपूर वाद झाले, पण ते वाद आकड्यांच्या भाषेत झाले हे महत्त्वाचं. आपल्याला वॉर्डाच्या पातळीवर हेच करायचं आहे.

तक्रारीतून प्रश्न काढा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते. "पाणी येत नाही" ही तक्रार झाली. "एकाच टाकीवरच्या पहिल्या आणि शेवटच्या घराला पाणी सारखं मिळतं का?" हा प्रश्न झाला. तक्रारीवर प्राध्यापक सहानुभूती दाखवतील. प्रश्न दिलात तर ते खुर्ची पुढे ओढतील.

आम्ही केलं ते असं. दोनशे पानी तीन वह्या आणल्या. एक टाकीजवळच्या घरात, एक मधल्या गल्लीत, एक शेवटच्या टोकाला. वहीत चार रकाने: तारीख, पाणी सुटल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ आणि पंधरा लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद. घरातल्या बाईने मोबाइलवर सेकंद मोजायचे आणि लिहायचे. दोन महिने हे चाललं. सुरुवातीला थट्टा झाली, मग सवय झाली.

टाकीजवळ बादली तीस सेकंदांत भरत होती, म्हणजे मिनिटाला तीस लिटर. शेवटच्या टोकाला अडीच मिनिटं, म्हणजे मिनिटाला सहा. पाणी दिवसाआड पंचेचाळीस मिनिटं. आता गणित करा: टोकाच्या घराला एका वेळेस २७० लिटर, तेही दोन दिवसांसाठी. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी रोज २७ लिटर. केंद्राच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या निकषांत भुयारी गटार नसलेल्या नळयोजनेच्या शहरासाठी माणशी रोज ७० लिटर धरलेले होते आणि भुयारी गटार असेल तर १३५. टाकीजवळच्या घराला मात्र त्याच वेळात १,३५० लिटर.

हा कागद समोर ठेवला आणि पुढचं सगळं सोपं झालं. तुमचा प्रश्न कचऱ्याचा असेल तर घंटागाडीच्या फेऱ्या मोजा, शाळेचा असेल तर हजेरीपट आणि शिक्षकांची रिक्त पदं. मोजता येईल असं काहीतरी प्रत्येक प्रश्नात असतं.

प्रश्न कुणाच्या दारातला आहे?

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. एकच रस्ता अर्धा नगरपरिषदेचा आणि अर्धा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, शेजारचं हायस्कूल खासगी अनुदानित. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना विषय सोपवले खरे, पण पैसा आणि मंजुरी बऱ्याचदा मंत्रालयातच अडकलेली असते. आपला प्रश्न स्थानिक आहे, राज्याचा आहे की दोघांच्या मध्ये लोंबकळतोय, हे ठरलं की कोणता तज्ज्ञ हवा तेही ठरतं. मधलाच असेल तर धोरणाचा अभ्यासक सर्वांत उपयोगी, कारण फाइल कुठून कुठे जाते हे त्याला माहीत असतं.

जाण्याआधी वाचायचे कागद

जे सरकारी दस्तऐवज उघड्यावर आहेत ते वाचूनच जा. राज्य सरकार अर्थसंकल्पाच्या आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' मांडतं. जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं आणि त्यात तालुकावार तक्ते असतात. हे दुसरं पुस्तक फार कमी लोक उघडतात, आणि खरं तर आपल्या कामाचं तेच. आरोग्य किंवा कुपोषणाचा विषय असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हानिहाय आकडे आहेत. शेवटची प्रसिद्ध फेरी निवडताना वर्ष तेवढं पाहून घ्या.

जे उघड्यावर नाही ते माहितीच्या अधिकारातून. २००५ च्या कायद्याने अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं, शुल्क दहा रुपये. अर्जात "का" विचारू नका. "गेल्या तीन वर्षांत पाणीपुरवठा दुरुस्तीवर झालेल्या खर्चाच्या देयकांच्या प्रती" असं नेमकं मागा. आमच्याकडे उत्तर उशिरा आलं, अपिलात जावं लागलं. म्हणून अर्ज आधी टाका आणि प्राध्यापकांकडे नंतर जा.

माणूस कुठे शोधायचा

नाव माहीत असलेल्या मोठ्या संस्थेपासून सुरुवात करायची आपली खोड असते. त्याआधी आपल्याच तालुक्याचं महाविद्यालय बघा. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापिकेने याच तालुक्यावर पीएचडी केलेली असते आणि गावाला पत्ता नसतो. हे शोधायला 'शोधगंगा' आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. जिल्ह्याचं नाव आणि विषय टाका, प्रबंध कुणाचा आणि मार्गदर्शक कोण ते कळतं. 'विद्वान' नावाचं दुसरं संकेतस्थळ प्राध्यापकांची विषयवार यादी देतं. त्यावरची माहिती कधी जुनी असते, म्हणून विभागाच्या पानावर खात्री करून घ्या.

त्यानंतर विषयाप्रमाणे मोठी दारं. पाणी, ग्रामीण तंत्रज्ञान आणि लहान योजनांचा ताळेबंद यासाठी मुंबई आयआयटीचं 'सितारा' केंद्र आहे, १९८५ पासूनचं. तिथले विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावात येऊन काम करतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावपातळीवरच्या पाण्याच्या हिशेबाचं काम याच आयआयटीने केलं. शहरी गरिबी, वस्त्या, सामाजिक योजना हे टाटा समाजविज्ञान संस्थेचं क्षेत्र. मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डात तिने दीर्घ काम केलं आहे आणि तुळजापूरलाही तिचं आवार आहे. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकड्यांसाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. अर्थकारण आणि राज्याचा अर्थसंकल्प समजून घ्यायचा तर गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि मुंबई विद्यापीठाचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. शेतीसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं. पालिकेच्या कारभाराच्या बारकाव्यांसाठी १९२६ पासूनची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आणि पुण्याची यशदा. या दोन प्रशिक्षणाच्या संस्था आहेत, तिथला माणूस नियम तोंडपाठ सांगतो.

आणखी एक वाट आहे. केंद्राच्या उन्नत भारत अभियानात सहभागी महाविद्यालयं गावं दत्तक घेतात. राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियानही २०१६ मध्ये सुरू झालं. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन "तुमच्या यादीत आमचं गाव आहे का?" एवढं विचारा. असेल तर त्यांनाही दाखवायला काम हवंच असतं.

मोठ्या नावामागे फार धावू नका, असं मी आता सगळ्यांना सांगतो. टीव्हीवर दिसणारे तज्ज्ञ आठ महिन्यांनी वीस मिनिटं देतात. संशोधन करणारी विद्यार्थिनी तीन महिने गावात राहते.

पहिलं पत्र

लांब पत्र कुणी वाचत नाही, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड तर नाहीच नाही. विद्यापीठाच्या ईमेलवर मराठीत लिहा, पण दहा-बारा ओळींत आटपा. माझं एक पत्र असं होतं:

"आदरणीय मॅडम, मी अमुक गावचा रहिवासी, पाणीप्रश्नावर नागरिकांच्या गटासोबत काम करतो. छोट्या शहरांतल्या नळयोजनांवरचा आपला लेख वाचला. आमच्या शहरात एकाच टाकीवरच्या तीन घरांच्या दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदी आम्ही ठेवल्या आहेत, तक्ता सोबत जोडला आहे. पहिल्या आणि शेवटच्या घरात पाच पट फरक दिसतो. हा फरक जलवाहिनीच्या आखणीमुळे आहे की वाटपामुळे, हे ओळखायला आणखी कोणत्या नोंदी घ्याव्यात, एवढंच विचारायचं आहे. फोनवर अर्धा तास मिळाला तरी पुरेल. आम्हाला शिफारसपत्र किंवा निधी नको आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. प्राध्यापकांकडे येणारी बहुतेक माणसं सही, शिफारस नाहीतर कार्यक्रमाचं अध्यक्षपद मागायला येतात.

वेळ सांभाळा. परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेशाचा हंगाम आणि महाविद्यालयाला दर्जा देणाऱ्या 'नॅक'च्या तपासणीचा महिना, या काळात उत्तराची अपेक्षा धरू नका. दोन आठवड्यांनी एक आठवण, त्यानंतर दुसरा माणूस.

समोरासमोर बसल्यावर

कागद घेऊन जा: नोंदवही, माहिती अधिकाराचं उत्तर आणि गल्ल्यांचा हाताने काढलेला नकाशा. या नकाशावर बोट ठेवून जेवढं बोलणं होतं तेवढं पानभर निवेदनावर होत नाही. दोघंच जा. पंधरा जण गेले की त्याची सभा होते आणि प्राध्यापक भाषण करून मोकळे होतात.

मी ठरवून तीन गोष्टी विचारतो. आमच्या मोजण्यात चूक कुठे आहे? असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावाने सोडवला आहे का, आणि तिथे काय फसलं? मुख्याधिकाऱ्याच्या हातात असलेलं सर्वांत छोटं पाऊल कोणतं? तिसऱ्या प्रश्नावर कित्येक विद्वान अडखळतात, कारण त्यांची उत्तरं नव्या योजनेने सुरू होतात. नवी योजना म्हणजे पाच वर्षं. व्हॉल्व्हची वेळ बदलणं म्हणजे उद्या सकाळ.

तज्ज्ञालाही पारखून घ्या

पदवीला नमस्कार करावा, पण प्रत्येक वाक्याला मान डोलवायची गरज नाही. जलनियोजनाचा अभ्यासक करवाढीवर बोलू लागला तर तो तुमच्या-माझ्यासारखाच एक नागरिक झाला. "हे तुमच्या अभ्यासातून आहे की मत म्हणून सांगताय?" असं नम्रपणे विचारा. चांगली माणसं रागावत नाहीत. अभ्यासाला पैसा कुणी दिला, आकडे कधीचे, पाहणी किती घरांची, हेही विचारून घ्या. सध्या ज्या प्रकल्पाचा सल्लागार म्हणून हा माणूस मानधन घेतो, त्याच प्रकल्पाबद्दल तो मत देत असेल तर ती गोष्ट लोकांपुढे आली पाहिजे.

आणि एकाच अहवालावर विसंबू नका. शेतकरी आत्महत्यांवर मुंबई उच्च न्यायालयासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने राज्य सरकारसाठी. विषय तोच, पण मांडणी करणारे हात वेगळे. दोन्ही शेजारी ठेवले की कुठलं विधान पक्कं आणि कुठलं सैल, ते सामान्य वाचकालाही कळतं.

पैसे, नावं आणि लोकांची माहिती

सल्ला बहुतेक वेळा फुकट मिळतो, प्रवास मात्र आपण द्यावा. एसटीचं किंवा गाडीचं भाडं आणि जेवण, एवढं आधीच बोलून घ्या, मग कुणाला संकोच नाही. पूर्ण अहवाल हवा असेल तर बहुतेक संस्था सल्लागार प्रकल्प म्हणून शुल्क घेतात. तो व्यवहार संस्थेच्या नावे होतो, व्यक्तीच्या खात्यात कधीच देऊ नका. पैसे नसतील तर एमएच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून विषय सुचवा. त्यात मार्गदर्शकाचं लक्ष असतं आणि खर्च राहण्याजेवण्यापुरता.

लिहून घ्यायच्या दोन गोष्टी: अहवालाची मराठी प्रत आम्हाला मिळेल, आणि घरोघरच्या पाहणीतली नावं छापली जाणार नाहीत. आमच्याकडे एका पाहणीनंतर कुणाच्या घरी संडास नाही ही यादी गावभर फिरली होती. त्यानंतर वर्षभर लोकांनी कुठलाच फॉर्म भरला नाही.

उत्तर योग्य टेबलावर, योग्य महिन्यात

ऐंशी पानी अहवाल कपाटात जातो. त्यातून दोन पानी मराठी टिपण काढा: पहिल्या परिच्छेदात मागणी, मग एक तक्ता, मग खर्च, शेवटी कोणत्या नियमाखाली हे शक्य आहे. तज्ज्ञाला सहीपेक्षा तक्ता तपासून द्यायला सांगा.

महिना चुकला की मेहनत वाया. नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेचे अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतात, त्यामुळे टिपण दिवाळीनंतर लगेच पोचलं पाहिजे. मार्चमध्ये दिलेल्या टिपणाचं स्वागत होतं आणि तरतूद पुढच्या वर्षी. राज्याचा विषय असेल तर आमदारांना अधिवेशनाच्या आधी गाठा. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधीसाठी त्यांना नेमका आकडा हवा असतो, तो तुमच्याकडे आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या आधी एखाद्या सदस्याच्या हातात टिपण देणंही कामी येतं. गावात ग्रामसभा आहेच. तिथे तज्ज्ञाला बोलवायचं तर ठराव आधी लिहून ठेवा, नाहीतर व्याख्यान होतं आणि ठराव राहून जातो.

विकास आराखड्यावरच्या हरकती आणि पर्यावरणीय जनसुनावणी या दोन ठिकाणी तज्ज्ञाचा उपयोग सर्वांत मोठा. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध व्हावी लागते. त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. शेकडो पानांच्या अहवालातलं कोणतं प्रकरण आधी वाचायचं, हे जाणकार एका फोनवर सांगतो. हरकत लेखीच द्या, पोच घ्या.

उत्तर आपल्यावरच उलटलं तर

हे होतं, आणि त्याची तयारी ठेवूनच या वाटेला जावं. वरचं पत्र ज्यांना लिहिलं त्या मॅडमनी आमच्या वह्या पाहून दोन नोंदी वाढवायला सांगितल्या: टाकीची रोजची पातळी, आणि कुठल्या घरांनी नळाला थेट मोटर जोडली आहे. टाकी जवळजवळ रोज पूर्ण भरत होती. म्हणजे मुख्याधिकारी "उपसा पुरेसा आहे" म्हणत होते ते खोटं नव्हतं. पाणी सुटल्याबरोबर पहिल्या तीन गल्ल्यांतल्या निम्म्याहून जास्त मोटरी सुरू होत होत्या आणि टोकापर्यंत दाबच उरत नव्हता.

आमचं घर दुसऱ्या गल्लीत. मोर्च्यात पुढे मी होतो आणि मागे आमच्या ओट्याखाली अर्ध्या अश्वशक्तीची मोटर होती.

टिपणातून तो रकाना काढावा, असं आमच्या गटातल्या तिघांनी सुचवलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काढा, पण मग तक्ता मी तपासला असं कुठे लिहू नका." रकाना ठेवला. मुख्याधिकाऱ्यांनी टिपण हातात घेतल्यावर नेमकी तीच ओळ आधी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पहिली मोटर कुणाची काढायची?" आम्ही पाच जण होतो. मी हात वर केला.